लग्नाला येताना ताट घेऊन या

दुष्काळाच्या त्या साली थोरल्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं आणि माघ संपायच्या आतच माझं स्वस्थ बसणं संपलं. मुलगा चांगला होता, माणसं चांगली होती, मुलीची ना नव्हती. माझा जीव अडकला होता तो पत्रावळींत.

हे ऐकून आमच्या थोरल्या जाऊबाई हसल्या. म्हणाल्या, "धाकटे, लोकांना पोरीच्या सासूची काळजी पडती. तुला पानांची पडली."

पडली होती खरी. आमच्याकडे कार्य म्हटलं की जेवण पळसाच्या पत्रावळीवर. डोंगराकडच्या बायका पानं काड्यांनी टाचत, वाळवत आणि गठ्ठे बांधून शेवगावच्या बाजारात आणत. जेवणं झाली की पत्रावळी परसात टाकायच्या. निम्म्या शेळ्या-गुरं खात, उरलेल्या उकिरड्यात कुजत आणि पुढच्या साली खत होऊन शेतात जात. धुणं नाही, घासणं नाही, मागे काही उरणं नाही. इतकी सोयीची वस्तू की आम्ही तिच्याविषयी कधी विचारच केला नव्हता. मिळेनाशी झाली तेव्हा केला.

बाजारात पत्रावळीवाली बाई नेहमीच्या जागी बसली होती, पण पुढ्यात गठ्ठा नव्हता. थोडी चिंच मांडून बसली होती.

"पत्रावळी न्हाईत?" मी विचारलं.

"कोन लावनार, बाई? समद्या खडी फोडाया गेल्यात. दुष्काळी कामावर रोजचा पगार मिळतोय, धान्य मिळतंय. पानं टाचून काय मिळतंय?"

"पण माझ्या मुलीचं लग्न हाय."

"मंग तिलाच टाचाया बसवा," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली. मग जरा मऊ होऊन म्हणाली, "पानं तरी कुठं हायेत? हाताला येतील तेवढी ज्येनं त्येनं शेळीला घातली."

पत्रावळ नाही म्हणजे ताट. ताट म्हणजे पाणी. गावच्या विहिरीत दोन दिवसांआड टँकर पाणी ओतून जाई आणि एका खेपेला घरटी आठ हंडे मिळत. आमचा हंडा बारा तांब्यांचा. ताटामागे दोन तांबे धरले, तेही हात आखडून, तरी सहा ताटांना एक हंडा. गावची माणसं अडीचशे, वऱ्हाड एकशेदहा. म्हणजे साठ हंडे नुसते खरकटं काढायला. पिण्याचं, स्वयंपाकाचं, हात धुण्याचं वेगळंच. हा हिशेब मी पाटीवर मांडला, पुसला, पुन्हा मांडला. आकडा काही हलेना. रात्री पाठ टेकली की तोच आकडा, सकाळी चूल पेटवताना तोच.

धाकट्या दिरांना पुण्यात नोकरी होती. ते शिमग्याला आले ते पिशवीत कागदाच्या पांढऱ्या बशा घेऊन. वरून गुळगुळीत, मेणचटलेल्या.

"वहिनी, कशाला जीव टाकताय? पुण्यात आता पार्टीला हेच असतं. खाल्लं की फेकलं."

मी त्याच दिवशी आमटी-भात केला आणि एका बशीत मुलीला वाढला. भात राहिला. आमटी कालवेपर्यंत तळ मऊ पडला, आणि तिनं बशी उचलली तेव्हा आमटी तिच्या मांडीवर.

"आई, वऱ्हाडाला अंगावर आमटी सांडायची रीत हाय म्हणून सांग," ती म्हणाली.

दीर म्हणाले, दोन दोन बशा एकावर एक ठेवा. म्हणजे सातशेवीस. ते बोलत होते तोवर मुलीनं ती ओली बशी परसात टाकली आणि शेळीनं ती तोंडात घेतली. दुष्काळात शेळीला काही वर्ज्य नसतं. कागद विरघळला, पण वरचा गुळगुळीत पापुद्रा तिच्या तोंडातून लोंबायला लागला आणि ती खोकायला लागली. मुलीनं शिंगं धरली, मी तोंडात हात घालून तो ओढून काढला. वीतभर निघाला. शेळी वाचली. तो पापुद्रा मी उकिरड्यावर टाकला. पुढे येता-जाता मी तिकडे बघत असे. तो तसाच पांढरा. शेण काळं पडलं, पालापाचोळा काळा पडला, तो तसाच. भुकेली जनावरं गावभर हिंडत होती. असल्या सातशेवीस बशा माझ्या परसात पडल्या तर काय होईल, याचा आकडा मला पाटीवर मांडावा लागला नाही.

दिरांना म्हटलं, "भाऊजी, उरलेल्या पुण्याला परत न्या."

"मग माणसांना हातावर वाढणार का?" यांनी विचारलं. हे म्हणजे मुलीचे वडील.

उत्तर चैत्रात सापडलं, मारुतीच्या भंडाऱ्याला. आमच्या गावची रीत अशी की भंडाऱ्याला ज्याचं ताट त्यानं आणायचं. माणूस ताट-तांब्या घेऊन येतो, मातीत मांडी घालून बसतो, खातो आणि खरकटं ताट पदराखाली किंवा टॉवेलात धरून घरी नेऊन धुतो. देवाला भांडी घासावी लागत नाहीत. मी लहानपणापासून हे करत होते. त्या दिवशी ताट पुढ्यात ठेवलं आणि जेवायचं सोडून मी आजूबाजूला बघत राहिले. चारी बाजूंनी ताटंच ताटं. पितळेची, जर्मनची, टवके उडालेली, कडेला नाव घातलेली. गावात ताटांना काही तोटा नव्हता. तोटा होता तो एका जागी सगळी धुण्याच्या पाण्याचा.

घरी येऊन यांना सांगितलं. त्यांनी आधी टोपी काढून खुंटीला लावली. मग म्हणाले, "भंडारा देवाचा असतो. लग्न आपलं असतं."

"म्हणून काय झालं?"

"देवाच्या दारात ताट घेऊन बसायला लाज नसते. आपल्या दारात दुसऱ्याला तसं बसवायला असते."

त्यांचं चुकत नव्हतं. पण लाजेनं ताटं धुतली जात नाहीत, हेही खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन घरोघर आमंत्रणं द्यायला निघाले आणि दर उंबऱ्यावर अक्षतेबरोबर ताट आणायचंही सांगत गेले. पहिल्या घरी माझी जीभ अडखळली. पुढे तशी वेळ आली नाही. बायकांना पाण्याचं समजावून सांगावं लागतच नव्हतं.

"ताटच ना? आनते की. पोरांची बी आनू का?"

"पोरांची बी आणा. अन् तांब्या."

"तांब्या भरून आनू का रिकामा?"

"भरून आणलात तर चौरंगावर बसवीन," मी म्हटलं. ती बाई दारातून हसत सुटली आणि शेजारच्या घरी मी जायच्या आधीच निरोप पोचला.

गाव झालं. वऱ्हाड राहिलं.

मुलीचं सासर नेवाशाकडचं, प्रवरेच्या काठचं. नदी त्यांच्याकडेही आटली होती, पण विहिरींना पाणी होतं, ऊस होता, केळी होती. आम्ही दोघं एसटीनं आणि पुढे बैलगाडीनं गेलो. अंगणात पाय ठेवला तर विहीणबाईंनी माझ्या पायांवर भरलेला तांब्या ओतला, आणि लगेच दुसरा. ते पाणी दगडावरून वाहून मोरीत जाईपर्यंत मी बघत राहिले. त्या काय बोलत होत्या ते मला ऐकूच आलं नाही.

चहा झाला, पानसुपारी झाली, मुहूर्त, मानपान, गाडी किती वाजता निघेल, सगळं झालं. हे सगळ्या विषयांवर बोलले, त्या एका सोडून. निघताना उंबऱ्यात मात्र मी थांबले.

"विहीणबाई, एक सांगायचं राहिलं."

"सांगा की."

"आमच्याकडं पत्रावळी मिळत नाहीत. अन् भांडी धुवायला पाणी नाही. वऱ्हाडातल्या माणसांनी ताट बरोबर आणलं तर..."

यांनी वहाणा घालायचं निमित्त करून मान खाली घातली.

"ताट?" विहीणबाई म्हणाल्या.

"ताट अन् तांब्या. आमचं सगळं गाव आणणार हाय."

"म्हंजी आमी जेवायचं तुमच्या दारात, आन ताट आमचं."

"व्हय."

"बरं. आन जेवून झाल्यावं? उष्टी ताटं कुठं धुवायची?"

गावातली माणसं ताट घरी नेऊन धुतील. वऱ्हाडाचं घर कुठे? त्यांनी खरकटी ताटं गाडीत घालायची आणि त्याच गाडीत नवरी बसायची. मी हंडे मोजले, तांबे मोजले, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

विहीणबाईंच्या ध्यानात ते त्याच क्षणी आलं होतं. "उंबऱ्यावं लक्ष्मी आनायची का खरकटं, इहीनबाई?" त्या म्हणाल्या. रागानं नाही, पण हसूनही नाही. मग माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बघू."

एवढंच. बघू.

परतताना एसटीत हे खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावर मुलीनं सगळं विचारून घेतलं, आणि ऐकल्यावर तिचं तोंड उतरलं.

"सांगून तू आलीस, आई. राहायचं मला हाय तिथं."

या एका वाक्यानं माझी उरलीसुरली झोप गेली. तोपर्यंत प्रश्न पाण्याचा होता. आता तो तिचा झाला. मांडवात वऱ्हाड रुसून पंगतीवरून उठलं तर आमची एक दिवसाची बेअब्रू, पण ती जन्मभर ऐकणार. नहाणीत ऐकेल, चुलीपुढे ऐकेल, सणाला ऐकेल. आणि सांगितलं नसतं तर? मग एकशेदहा ताटं आणि कोरडे रांजण. कुठूनही सुरुवात केली तरी मी फिरून तिथंच येत होते.

जाऊबाई म्हणाल्या, "'बघू' म्हंजी न्हाई."

हे म्हणाले, "'बघू' म्हणजे बघू."

मी दर खेपेच्या पाण्यातून एखाद-दुसरा हंडा बाजूला काढायला लागले. वऱ्हाडाची ताटं धुवायची तर एकोणीस हंडे लागणार होते. आंघोळी अर्ध्या केल्या, भाताचं धुवण शेळीला, शेळीचं उरलेलं तुळशीला. तरी नवाच्या वर आकडा जाईना. मग राखेनं कोरडं घासून बघितलं. चुलीतली राख चाळून घेतली, ताट खसाखसा घासलं, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसलं. लख्ख झालं. तोंड दिसत होतं त्यात. ते ताट घेऊन स्वयंपाकघरात निघाले तर जाऊबाई आडव्या आल्या.

"पानी फिरलं न्हाई त्याच्यावं. खरकटंच ते."

"कुठं दिसतंय खरकटं?"

"खरकटं दिसत नसतं. असतं."

मी ताट खाली ठेवलं. पुढचे दिवस मी सारखी उठत होते, बसत होते. काम करता करता मध्येच रांजणावरचं झाकण काढून बघत होते, जसं काही पाणी आपोआप वाढणार होतं. नेवाशाकडून एक माणूस मुहूर्ताचं सामान विचारायला येऊन गेला. त्याला मी तीनदा आडून आडून विचारलं की वऱ्हाड काय काय घेऊन येणार. तो म्हणाला, "बँड न्हाई आनत."

लग्नाच्या दिवशी ट्रक आला तेव्हा मी आरतीचं तबक घेऊन वेशीत उभी होते. माझी नजर माणसांच्या तोंडांवर नव्हती, हातांवर होती. पुरुष उतरले, हात मोकळे. बायका उतरल्या, कडेवर पोरं, हातात पिशव्या. पिशव्यांचा आकार ताटाचा नव्हता. विहीणबाई उतरल्या, हात मोकळे. मी ओवाळलं, पण काय ओवाळलं ते आठवत नाही. मागे वळून मी यांना एवढंच म्हटलं, "नऊ हंडे हायेत." ते म्हणाले, "नवाचं बघू मग."

तेवढ्यात ट्रकच्या मागच्या फळीकडे गलका झाला. दोन माणसं वर चढून भारे खाली देत होती. केळीची पानं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, लांब, हिरवी, पाण्याचे थेंब गळणारी. वेशीत बसलेली माणसं एकेक करून उठून उभी राहिली. आमच्या गावात इतकं हिरवं कैक महिन्यांत आलं नव्हतं. एका म्हातारीनं पुढे होऊन पानाला नुसता हात लावला.

"ताटं न्हाई आनली. पानं आनली," विहीणबाई मला म्हणाल्या.

"एवढी? बाग..."

"जळतच चालली हुती. निम्मी जळाली, निम्मी कापली." जणू आंब्याची डहाळी तोडली, अशा आवाजात. मग म्हणाल्या, "आमच्यापुरतीच हायेत हां. तुमच्या गावाची ताटं हायेत म्हनाला हुता तुमी."

त्या शेवटच्या वाक्यात टोमणा होता की नुसती माहिती, हे मला तेव्हाही कळलं नाही.

अक्षता पडल्या. पंगत बसली. एका बाजूला वऱ्हाड, हिरव्या पानांवर. समोर आमचं गाव, आपापल्या ताटांवर, कोणाचं पितळेचं, कोणाचं काठ वाकलेलं. लापशी, आमटी, भात. मी वाढत फिरत होते आणि बघत होते. आमची माणसं लापशीकडे बघत नव्हती. त्यांचे डोळे समोरच्या पानांवर होते. ज्यांची गुरं चारा छावणीत होती त्यांचं एक वेळ ठीक. ज्यांचं एखादं जनावर दाराशी होतं, ती माणसं जेवताना पानं मोजत होती.

वऱ्हाड हात धुवायला उठलं. पानं गोळा करायला एक गडी ठरवला होता. तो वाकायच्या आत जाऊबाई पुढे झाल्या. त्यांची एकच गाय घरी होती. ज्या बाईनं माझं लख्ख ताट स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, तिनं पदर खोचला आणि परक्यांची उष्टी पानं भाताच्या शितांसकट उचलून छातीशी धरली. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. "मला दोन द्या." "ते लांबडं मला." जरीच्या लुगड्यांतल्या बायका उष्ट्या पानांसाठी वाकल्या होत्या.

वऱ्हाडातला एक तरणा माणूस मोठ्यानं म्हणाला, "आवं, ताट तर मागितलंच, आता पानंबी सोडंनात!" दोघं-तिघं हसले.

मी मुलीकडे बघितलं. मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या होत्या, मान खाली होती, पण बोटं शालूचा काठ पिळत होती. तिनं ऐकलं होतं. मला वाटलं, हे आता कायमचं. मी ओरडून सांगावं का बायकांना, की ठेवा ती पानं खाली? पण मग गायीला काय सांगायचं? मी दोन पावलं पुढे गेले, मागे आले. हातात लापशीचं पातेलं तसंच.

विहीणबाई अजून पानावरच होत्या. बायकांच्या ओळीत शेवटी बसल्या होत्या, भात उरला होता. त्यांनी हसणाऱ्यांकडे बघितलं नाही. पान दोन्ही हातांनी उचललं, भातासकट, उठल्या आणि मला विचारलं, "गाय कुठं हाय वो तुमची?"

"माझी छावणीत हाय. जाऊबाईंची हाय, मागं."

"चला."

त्या पुढे, मी मागे. गोठ्यात गाय उभी होती, बरगड्या दिसत होत्या. विहीणबाईंनी पान तिच्या तोंडापुढे धरलं. गायीनं आधी भात चाटला, मग पानाची कड फाडली, आणि मग थांबलीच नाही. पान फाटण्याचा तो आवाज आम्ही दोघी ऐकत उभ्या राहिलो. मागून वऱ्हाडातल्या काही बायका आपापली पानं घेऊन आल्या. सगळ्या नाही. पुरुष विडा खायला गेले. तो तरणा माणूस मांडवाच्या खांबाला टेकून काडीनं दात कोरत राहिला.

"लई उपाशी हाय," विहीणबाई म्हणाल्या. हात लुगड्याला पुसला. पाणी मागितलं नाही.

माझे नऊ हंडे तसेच राहिले होते. ते संध्याकाळी गावाच्या दुसऱ्या पंगतीला पिण्यासाठी लागले. गावातली ताटं ज्याची त्याच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी मांडव उतरवला तेव्हा परसात एक पान शिल्लक नव्हतं, देठसुद्धा नाही.

पुढे पाऊस झाला, बरा झाला. पंचमीला मुलगी पहिल्यांदा माहेरी आली. अंगानं जरा भरली होती. मी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी ती भाजी निवडत बसली होती तेव्हा विचारलंच.

"काही बोलतात का गं?"

"बोलतात की. 'ताटवाल्यांची' म्हणतात मला."

"कोण?"

"सगळे."

"सासूबाई?"

"त्याही."

"हसून?"

तिनं एक जून देठ मोडून बाजूला टाकला. "त्या हसून. पाहुणे आले की, 'आमच्या ताटवाल्यांच्या लेकीनं केलंय' म्हणतात. चुलतसासूबाई न हसता म्हणतात. माझ्या हातून काही सांडलं की म्हणतात."

"रोज?"

"आई, मोजत नाही मी."

मी उठले. चुलीतलं लाकूड पुढे सारलं, काही गरज नव्हती. परत येऊन बसले. "मी येऊ का? चुलतसासूबाईंना नीट समजावून सांगते. पाणी किती होतं, माणसं किती होती..."

"तू नको येऊस," ती म्हणाली, आणि भाजीवरून मान वर न करता हसायला लागली. "तू आलीस की पुन्हा काहीतरी खरं सांगून जाशील."

ती हसत राहिली. मी पुन्हा उठले, आणि कशाला उठले ते आठवेना म्हणून दारात जाऊन उभी राहिले.